मामाची तपासणी

आठ महिन्यांचा भाचा आवाजाकडे वळून बघत नव्हता, म्हणून उद्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी म्हटलं, “आज मामा तपासतो!” त्याच्या पाठीमागे फुगा फोडला, शिट्टी मारली, शेवटी स्टीलचं ताट बडवलं. पठ्ठ्या खुळखुळा चघळत ढिम्म बसलेला. बहिणीचे डोळे भरले. “पुरे, दादा. याला ऐकूच येत नाही.” जन्मभर लोकांना गंडवत आलो, पण तिला थाप न मारता मी पुन्हा एकदा ताट बडवलं. खाली दाजींच्या कारखान्यात पत्र्याच्या पेट्या ठोकणं सकाळपासून चालूच होतं. जेवणाची वेळ झाली आणि हातोडे थांबले. त्यासरशी पोरानं खुळखुळा टाकला, रिकाम्या जिन्याकडे वळून हात पसरले. “अगं, ऐकतोय की! पोटात असल्यापासून हातोडे ऐकणारा माझ्या ताटाला काय भीक घालणार?” बहिणीनं डोळे पुसले. “बडवून झालं असेल तर ताट दे इकडे. याचा बाप जेवायला येतोय.”