झाडाची परवानगी

जंगलाचा शब्द पाड्यावर पिढ्यानपिढ्या कुणी मोडला नव्हता. जंगलाच्या वतीने बोलायचं काम मात्र आत्या करायची. शहरात जाऊन रस्त्यांचा ठेकेदार झालेला भाचा पाड्यावरचेच मजूर घेऊन तिच्या दारात उभा राहिला. “आत्या, ते जुनं झाड रस्त्यात येतंय. वरून परवानगी आलीय.” “वरून आली? मग खालचीही घे,” म्हणत तिने कुऱ्हाड दिली. “रात्रभर खोडाला टेकवून ठेव. सकाळी उभी असली तर झाड तुझं.” भाच्याने हसत कुऱ्हाड टेकवली. रात्री वारा सुटला. सकाळी कुऱ्हाड आडवी. मजुरांनी हात झटकले. “झाड नाही म्हणतंय, दादा. आम्ही नाही तोडणार.” भाच्याने कपाळाला हात लावला आणि रस्ता वळवला. आत्याने कुऱ्हाड घरात नेऊन दुसरीशेजारी टांगली. दुसरीच्या दांड्याचं बूड सपाट होतं, ती घरच्यांसाठी. ठेकेदारांना आत्या गोल बुडाचीच द्यायची.