चौकीदाराचा शर्ट

वीस वर्षं पोकलेन मशिनी दुरुस्त केलेला शीलवंत गोंडपिपरीकडच्या खाणीत मेकॅनिकची नोकरी मागायला गेला.

साहेब फिस्सकन हसला. "तुम्हा जंगलवाल्यांना कुऱ्हाड कळते, मशीन नाही. काठी घे अन् चौकीदारी कर."

शीलवंतनं खाकी शर्ट अंगावर चढवला आणि पोकलेनजवळ पहाऱ्याला बसला.

पंधराव्या दिवसापासून पोकलेन सुरू व्हायची आणि लगेच बंद पडायची. नागपूरच्या इंजिनिअरांनीही हात टेकले. शेवटी शीलवंतनं डिझेलच्या टाकीत हात घालून, नळीच्या तोंडाशी अडकलेली, गाळानं काळीकुट्ट झालेली चिंधी काढली. साहेबानं तोंड वाकडं करत त्याला मेकॅनिक म्हणून घेतलं.

घरी त्याची बायको रंजना खाकी शर्ट धुवायला बसली.

"हा परत द्या लागते ना? मंग याचा खिसा कुठी गेला जी?"



"साहेबाच्या टाकीत."