दार उघडेना

गेल्या वर्षीपर्यंत शिक्षक प्रशिक्षण म्हणजे सही करायची, पोहे खायचे, फोटोत उभं राहायचं आणि घर गाठायचं. त्याच भरवशावर मंदाकिनी शिरगावकर बाई सकाळी नऊला त्या खोलीत शिरल्या होत्या. आता दुपारचे तीन वाजले तरी दार उघडत नव्हतं. समोरच्या विद्यार्थिनीला अपूर्णांक खरोखर समजले, की कुलूप आपोआप निघणार होतं. बाईंनी दोनदा दार वाजवलं, तर बाहेरून शिपाई म्हणाला, "आमच्या हातात काही नाही, बाई."

विद्यार्थिनी खरी नव्हती. बाईंच्याच वर्गातल्या जुन्या उत्तरपत्रिकांवरून आणि ध्वनिमुद्रणांवरून यंत्राने घडवलेली ती अश्विनी ढोले होती. त्याच दोन वेण्या, तीच खाली मान.

बाईंनी नवव्यांदा फळ्यावर भाकरी काढली, तिचे चार तुकडे केले. "समजलं का?"

"हो, बाई."

दार ढिम्म.

"हो म्हणतेस, मग हे दार का उघडत नाही गं?" बाईंचा आवाज चढला.

"वर्गात सगळे हो म्हणायचे, म्हणून मीपण म्हणायचे."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. अठ्ठावीस वर्षांत कधी न विचारलेलं त्यांनी विचारलं, "बरं, अडतंय कुठं?"

"दोनापेक्षा चार मोठे. मग एक छेद चार लहान कसा?"

"अगं बये, हे आधी नाही का सांगायचं? सकाळपासून अडकलेय मी इथं!"

अश्विनीने पहिल्यांदाच मान वर केली.

"मी चौथीपासून, बाई."