गॅस टिकत नाही

धर्मपाल सरांची पांढरी गाडी दुकानाकडे वळताना दिसली आणि रिजवाननं हातातला पाना खाली ठेवून उगाच पुन्हा उचलला. सर रागावून आले असते तर बरं झालं असतं. पण ते चारी काचा उघड्या टाकून, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून आले होते आणि वर हसत होते.

"रिजवान, पाह्य बरं बापू जरा. एसीनं थंडं होऊनच नाही राह्यलं."

"पुन्हा, सर?"

"हो ना. पयले कोमट येत होती, आता नुसती हवा."

रिजवाननं बॉनेट उघडलं. सरांच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा इंजिनात डोकं घालणं सोपं होतं. गेज लावलं तर काटा पार तळाला गेलेला.

सरांची लेक दीपा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिल्यांदा गॅस भरून घेतल्यावर सर तिला आणि बाळाला यवतमाळला दवाखान्यात घेऊन गेले, तर परतीच्या वाटेवर एसी बंद पडला. मे महिन्याचं ऊन. बाळाचं अंग तव्यासारखं तापलं होतं. सरांनी हे सांगताना आवाजसुद्धा चढवला नव्हता, आणि तेच रिजवानच्या जिव्हारी लागलं होतं.

"उद्या दीपाले वणीले पोचवाचं हाये," सर म्हणाले. "सासरचे वाट पाहून राह्यले. म्हणून आलो."

एकट्या सरांची गाडी असती तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण रिजवाननं भरलेली जवळपास प्रत्येक गाडी महिन्याभरात परत येत होती. पानठेल्यावर आता नवीन विनोद निघाला होता: रिजवानचा गॅस आर्णीपर्यंत, पुढं काचा खाली. त्यानं यवतमाळच्या गॅसवाल्याला फोनवर भेसळखोर म्हणून घेतलं, तर तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मग दुसऱ्याकडून गॅस आणला. तोही टिकला नाही. पहिल्याची माफी मागायची राहून गेली ती गेलीच.

आणि या सगळ्यापेक्षा जड होते ते दारातल्या खुर्चीवर बसलेले अब्बा, म्हणजे साऱ्या गावाचे रहमतचाचा. त्यांनी सारा जन्म बस स्टँडसमोर सायकलींच्या आणि ट्रकच्या ट्यूबांत हवा भरली आणि त्या कमाईवर पोराला एसीचं काम शिकायला नागपूरला धाडलं. दुकानावर पाटी त्यांनी स्वतः शिडीवर चढून लावली होती. काम उरकलं की रिजवान हात धुवायला आत जाई आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं काम चाचा मोठ्या हौसेनं करत. आपलं पोर हुशार आहे, हे ते दिग्रसभर सांगत सुटले होते. पोराला त्या कौतुकाचीच लाज वाटायला लागली होती.

"दिल छोटा मत कर, बेटा," चाचा खुर्चीतून म्हणाले.

"तुम चूप बैठो ना, अब्बा!" रिजवान ओरडला. चाचांना कमी ऐकू येई, म्हणून त्याला तसाही आवाज चढवावा लागे. पण हा आवाज त्यासाठी नव्हता. सर दुसरीकडे पाहू लागले. रिजवानला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

त्यानं कामात जीव ओतला. मागच्या वेळी गॅससोबत त्यानं रंग सोडला होता. जांभळा दिवा फिरवला की गळतीची जागा हिरवी चमकते. त्यानं प्रत्येक सांधा, प्रत्येक नळी, जाळीचा कोपरान्‌कोपरा पाहिला. कुठेच काही नाही. फक्त गॅस भरायच्या वॉल्व्हच्या तोंडाशी हिरवा डाग होता. पण नळी काढताना तिथे थेंब सांडतोच, तो काही धरायचा नसतो. त्यानं तो पुसून टाकला. तरीही सगळ्या सांध्यांचे रबर बदलले, पंप लावून सारी हवा खेचून काढली, काटा हलत नाही याची खात्री केली आणि वजन करून नवा गॅस भरला. वॉल्व्हचं टोपण बसवलं.

सरांनी आत बसून एसीच्या झरोक्यापुढं हात धरला. "बर्फ हाये, बर्फ."

"सर," रिजवान म्हणाला, "आता जर गॅस गेला ना, तर मी पाटी उतरवतो. मले हे काम येतच नाही, असं समजा."

"असं कायले बोलतं? तुह्या बापानं आयकलं तर?"

"त्यायलेच तोंड दाखवू शकत नाही मी."

तो आत गेला. हात धुतले, फडक्याला पुसले. उद्या त्या लेकराला काही झालं तर, हा विचार काही केल्या जाईना. निदान म्हाताऱ्यावर ओरडल्याचं तरी निस्तरावं, म्हणून त्यानं अब्बांसाठी स्वतःच्या हातानं चहा ठेवला, त्यांना आवडते तशी जास्त साखर घातली आणि ग्लास घेऊन बाहेर आला.

रहमतचाचा उघड्या बॉनेटवर वाकले होते. टोपण काढून त्यांनी डाव्या मुठीत धरलं होतं आणि उजव्या हातानं एक खिळा वॉल्व्हच्या आतल्या पिनवर दाबून धरला होता. फस्स असा आवाज दारापर्यंत येत होता. तो त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून पांढरी वाफ गालाला गार लागेपर्यंत त्यांनी खिळा रेटला, मग समाधानानं मान डोलावली आणि अर्धवट आत अडकून राहिलेल्या पिनवर टोपण परत पिळून बसवलं.

"बिनधास्त न्या, सर," ते म्हणाले. "ट्यूबीत हवा भरली का पिन दाबून पाहाची, हे आपलं पयल्यापासूनचं हाये; पोराची एकबी गाडी मी असी तपासल्याबिगर जाऊ देत नाही."