तात्यांची अक्षरं

"वाचायचं न्हाय, नुसतं मोजायचं. जमंल?" टॅब्लेट पदराखाली धरूनच कुशाबाईंनी नातीला विचारलं.

"जमेल की, आजी. प्रोग्राम वाचत नाही. एकेक अक्षर उचलतो आणि त्याच्या नावापुढे एक वाढवतो. बास."

रेश्मा बारामतीला इंजिनिअरिंग शिकत होती. तिथं शिकलेल्या सी या प्रोग्रामिंगच्या भाषेचा घरात कुणाला उपयोग होईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण उन्हाळ्यात तिच्या आजोबांना, सोपानतात्यांना, अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत राहिलं. त्या बोटानं ते टॅब्लेटवर लिहीत आणि ते सगळं एका फाईलमध्ये साठत जाई. आता बोटही दमायला लागलं होतं. जी अक्षरं तात्यांना जास्त लागतात, ती मोठी करून त्यांच्या बोटाजवळ मांडायची, असं रेश्मानं ठरवलं होतं.

"नवराबायकोचं बोलणं हाय त्यात," कुशाबाई म्हणाल्या आणि नाइलाजानं टॅब्लेट दिला. रेश्मानं फाईल न उघडताच लॅपटॉपवर घेतली.

तात्या मुलांशी थेट कधी बोललेच नाहीत. सांगायचं ते कुशाबाईंना सांगत आणि त्या ओसरीवर येऊन मुलांना सांगत. लोणी भापकरच्या त्या घरातली ही रीत आजारपणानंही मोडली नाही. तात्या लिहीत, कुशाबाई चष्मा लावून मोठ्यानं वाचत. कुठल्या तुकड्याला पाणी सोडायचं, हे अजूनही तात्याच ठरवत होते.

मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून रेश्माच्या वडिलांना, युवराजला, तात्यांनी घराबाहेर काढलं होतं. रेश्माच्या बारशालाही ते गेले नव्हते. तिनं हे घर पहिल्यांदा पाहिलं ते याच दिवाळीत. कुशाबाईंनी वाचलं होतं, ‘युवराजला बोलवा. नातीला बघायचंय.’ थोरला संभाजी आडवा आला होता, पण तात्यांचा शब्द ऐकल्यावर त्यानंच भावाची बॅग आत आणली. आजोबांना आपण हवे आहोत, याचं रेश्माला फार अप्रूप होतं.

प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा भलतेच आकडे आले. इंग्रजी अक्षराला फाईलमध्ये एकच बाइट, म्हणजे एकच घर लागतं, मराठी अक्षराला तीन लागतात, हे ती विसरली होती. तिनं चूक सुधारली, स्वतःच्या दोन वाक्यांवर तपासून पाहिलं. आता मोजणी चोख होती.

बाहेर ओसरीवर युवराज आईला म्हणत होता, "आमी कायमचं हितं ऱ्हावं का माघारी जावं, तेवढं इचार त्यास्नी."

संभाजी खाली मान घालून बसला होता. खाटेवर तात्यांचं बोट काचेवर टकटक करत राहिलं. मग थांबलं. कुशाबाईंनी चष्मा लावला.

"‘युवराजनं हितंच ऱ्हावं. चूक माझी झाली.’"

"तात्यांचा शब्द हाय. आता कुठं जायचं न्हाय," संभाजी म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. युवराजनं बापाच्या पायांवर डोकं टेकवलं.

आत रेश्माचेही डोळे भरून आले. तसंच हसत तिनं तात्यांची फाईल प्रोग्रामला दिली. पडद्यावर अक्षरांची रांग भराभर उमटत गेली.

‘ट’पुढे हजारोंचा आकडा होता. बाकी प्रत्येक अक्षरापुढे शून्य.