दोरीपलीकडून

पर्सी ट्रेविन बॅलारॅटच्या एका क्लबात पगार घेऊन टेनिस शिकवायचा. खेळाचे पैसे घेणं तेव्हा हलकं मानत; अशा माणसाला मेलबर्नच्या राष्ट्रीय स्पर्धेत सभासदांच्या मंडपात जागा नव्हती. लेकीची, आयोनीची फायनल त्याने दोरीपलीकडे उन्हात उभं राहून पाहिली. ती जिंकली. इंग्लंडला जाणारा संघ त्याच संध्याकाळी ठरणार होता.

करंडक देताना अध्यक्षांच्या बायकोने विचारलं, "इतकं सुरेख खेळायला शिकवलं कुणी गं तुला?"

"छे, कुणीच नाही!" आयोनी हसली. "घरामागच्या हिरवळीवर भावांशी खेळत आले, तेवढंच."

मंडपात टाळ्या पडल्या. पर्सीशेजारी उभा असलेला त्याचा मेव्हणा बर्ट भडकला. "ऐकलंत का दाजी? पोरीनं तुम्हाला पार पुसूनच टाकलं की!"

"गप रे. मीच पढवलंय तिला. पगारी मास्तरची पोर म्हटल्यावर ही माणसं तिला इंग्लंडला नेतील होय? सकाळी चहा पिताना पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं."

"मग तोंड का उतरलंय तुमचं?"

पर्सी मंडपाकडे बघत राहिला.

"हसायला नव्हतं सांगितलं," तो म्हणाला.