कुत्रेवाल्याचा आजार

"जंत आहेत," डॉक्टर म्हणाले. "तेही कुत्र्यांचे."

कुत्रेवाल्याला आधी हसू आलं, मग लाजेने कान तापले. पंधरा दिवस तो मरणाची तयारी करत होता. यकृतावर डाग दिसल्यापासून घरात सगळ्यांच्या मनात एकच रोग होता आणि त्याचं नाव कोणी तोंडातून काढत नव्हतं.

"आवारातली माती हाताला लागते आणि तेच हात तोंडात जातात. अंडी पोटात, अळ्या यकृतात. पाच दिवस गोळ्या घ्या, बरे व्हाल. हात धुता ना?"

त्याने हात खिशात घातले. लोकांची कुत्री सांभाळणं हा त्याचा धंदा. पिल्लांना जंताचं औषध तारीख लावून पाजायचा, मालकांना हात धुण्यावर व्याख्यान द्यायचा आणि स्वतः एका हाताने पिल्लू धरून दुसऱ्या हाताने पाव खायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

खरी लाज घरी गेल्यावर होती. घरी दादा होता.

आठ वर्षं दादाने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आई गेली त्या सकाळी हा एका कुत्रीच्या बाळंतपणात अडकला आणि आईला नेल्यावर पोहोचला. "कुत्री तुला आईपेक्षा जवळची," एवढं बोलून दादाने पाठ फिरवली ती फिरवलीच. डाग दिसले तेव्हा घाबरून बायकोने फोन केला, तर शिलाईचं दुकान बंद करून दादा तासाभरात दारात हजर. तेव्हापासून रोज येत होता.

आता त्याला कुत्र्यांचे जंत सांगायचे? तो उठून जाईल आणि परत यायचा नाही.

"आजच सांगा दादांना," बायको म्हणाली.

"उद्या सांगतो."

उद्या उद्या करत चार दिवस गेले. गोळ्या तो मोरीत जाऊन चोरासारखा गिळायचा. दादा खाटेच्या पायाशी बसून लहानपणीच्या गोष्टी काढायचा, आणि हा धडधाकट माणूस उशीला टेकून कण्हायचा. स्वतःचीच किळस येत होती. सोडवत मात्र नव्हतं. आठ वर्षांनी भाऊ मिळाला होता.

त्यात दादाची ही दशा. बायकोने दिलेला चहा अर्धा टाकायचा. दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचा. लोकांचे कपडे अंगाबरोबर बेतणाऱ्या शिंप्याचा स्वतःचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. आपल्या काळजीने दादा वाळतोय, या विचाराने कुत्रेवाल्याला कण्हणंही जड जाऊ लागलं.

पाचव्या दिवशी त्याला राहवेना.

"दादा, मला काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"जंत आहेत. कुत्र्यांचे. आज शेवटची गोळी घेतली. चार दिवस मी नुसतं सोंग करतोय." त्याची मान वर होईना. "सांगितलं तर तू यायचं बंद करशील, म्हणून. लाज वाटते रे मला."

 दादा हसला.

"ठाऊक आहे. तुझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजतो का? त्याच दिवशी सांगितलं तिने."

"आणि तरी रोज आलास? माझं कण्हणं ऐकत बसलास?"

"चांगलं कण्हतोस."

"थट्टा करू नकोस. माझ्यापायी तू असा खंगलास..."

"तुझ्यापायी नाही रे." दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या बायकोचा फोन आला, तेव्हा मी तुझ्याकडेच निघालो होतो. त्या सकाळी माझा रिपोर्ट आला होता. त्यात जंत नव्हते."